मोकळ्या रानात न दिसलेला माणूस

ऊसतोडीच्या दिवसांत आमचा टेम्पो दिवसभर दारात उभा दिसला, की काहीतरी बिनसलंय हे गल्लीला कुणी सांगावं लागायचं नाही. हंगाम सुरू झाला की आबा, म्हणजे माझे वडील, फटफटायच्या आधीच टेम्पो काढायचे. बावड्याच्या आजूबाजूच्या गुऱ्हाळांवरून गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, भरायचे, शाहूपुरीत मार्केट यार्डात उतरवायचे, दुपारी भाकरी खायला घरी यायचे आणि हात वाळायच्या आत पुन्हा निघायचे. आईला त्या इंजिनाचा आवाज गल्लीच्या तोंडाशी असल्यापासून ओळखू यायचा. तो आला की ती तवा चुलीवर चढवायची. घरात सगळ्याला गुळाचा वास. आबांच्या शर्टाला, टॉवेलला, माझ्या पुस्तकांनासुद्धा. कपाटाच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या ठेवलेल्या असायच्या. गुऱ्हाळावाले काकवी द्यायचे आणि गरम भाकरीवर काकवी ओतून वर तुपाची धार, हे माझं सकाळचं खाणं. बाहेर रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, ट्रॅक्टरवरच्या टेपवर लागलेली गाणी, आणि या सगळ्यावर कारखान्याचा भोंगा. एवढ्या गलक्यात मी अभ्यास करायचे आणि मला त्याचा कधी त्रास झाला नाही. त्रास झाला तो टेम्पो गप्प बसल्यावर.

अपघात भर दुपारी झाला. गुऱ्हाळाकडून मोठ्या रस्त्याला येणारा एक कच्चा रस्ता होता, सरळ आखल्यासारखा. नदीकडून येणारी दुसरी वाट त्याला मधेच आडवी जायची, तीही तशीच सरळ. दोन्ही बाजूंचा ऊस तुटून गेलेला. पाचट जाळून रान काळं पडलेलं, आडोशाला एक झाड नाही. गुळानं भरलेला टेम्पो घेऊन आबा सावकाश येत होते. डावीकडून, नदीच्या वाटेनं, इस्माईल मोटारसायकलवर येत होता. दोघांची गाठ बरोबर त्या चौकात पडली. टेम्पोचा पुढचा कोपरा इस्माईलच्या उजव्या पायावर बसला. आबांनीच त्याला उचललं, रवे रस्त्याकडेला उतरवून मागं गोणपाटावर झोपवलं आणि दवाखान्यात नेलं. घरी आले तेव्हा त्यांच्या शर्टाला गुळाचा वास नव्हता, एवढं मला आठवतंय.

इस्माईल काही परका माणूस नव्हता. विहिरीवरच्या आणि नदीवरच्या मोटारी जळाल्या की तो दुरुस्त करायचा, तांब्याची तार नव्यानं गुंडाळून द्यायचा. आमच्या घरातला पंखा त्यानंच चालू केला होता आणि चहाच्या कपापलीकडं काही घेतलं नव्हतं. लग्नाचं वय झालेला, हसतमुख. घरात तो आणि त्याची आई, तिला आम्ही सगळे चाची म्हणायचो. पाय वाचला, पण आत सळ्या घालाव्या लागल्या. विहिरीत उतरणं यापुढं जमायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

पोलिसांनी आबांना विचारलं, आणि आबांनी पहिल्या दिवशी जे सांगितलं तेच ते शेवटपर्यंत सांगत राहिले: मला तो दिसलाच नाही. हे ऐकून लोक एकमेकांकडं बघायचे. झाडोरा असता, उभा ऊस असता, धुकं असतं तर गोष्ट वेगळी. इथं काळंभोर मोकळं रान, डोक्यावर ऊन, आणि मोटारसायकलवरचा पांढऱ्या शर्टातला माणूस दिसला नाही म्हणजे काय? कुणी म्हणालं प्यायलेला असणार. आबा कधी पीत नव्हते हे ठाऊक असलेले म्हणाले, डोळा लागला असणार. तालमीच्या कट्ट्यावर एकानं तर, बघून मुद्दाम घातली असेल, असंही म्हणून घेतलं. का घालावी, हे त्यालाही सांगता आलं नसतं. गावाला एक कारण हवं होतं आणि आबा ते देत नव्हते.

माझा मामा कागलहून आला. तो व्यवहारी माणूस. त्यानं आबांना बाजूला घेऊन समजावलं की मोटारसायकल भन्नाट वेगात होती एवढं सांगून टाका, केस हलकी होईल. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते आणि एकही ओळ वाचत नव्हते. आबा म्हणाले, "मला तो दिसलाच न्हाई, तर जोरात हुता का हळू हुता हे मी कशावरनं सांगू?"

मामानं पुन्हा तोच विषय काढला नाही.

त्यानंतर आबांनी टेम्पोला हात लावला नाही. पुढच्या सोप्यातून मागच्या परड्यात आणि परड्यातून सोप्यात अशा त्यांच्या चकरा सुरू झाल्या. जेवताना अर्ध्यात उठायचे. मधेच टेम्पोत जाऊन बसायचे, स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघायचे आणि खाली उतरायचे. एका सकाळी ते शहरात जाऊन डोळे तपासून आले. मला वाटलं, नंबर निघाला तर बरं होईल, एक चष्मा येईल आणि सगळं सुटेल. डॉक्टरांनी डोळे उत्तम असल्याचं सांगितलं. ते ऐकून आबा आणखीच खचले. डोळे चांगले आहेत आणि तरी माणूस दिसत नाही, म्हणजे बिघाड डोळ्यांच्या मागं कुठंतरी आहे, असं त्यांनी मनाशी घेतलं. आईला एकदा त्यांनी विचारलं, मी बोलता बोलता कुठं हरवतो का गं? आई म्हणाली, लग्न झाल्यापासनं हरवताय. एरवी ते हसले असते.

मी बारावीला होते. सायकल मारत शहरातल्या कॉलेजात जायचं, यायचं. पण त्या दिवसांत माझं बूड कुठंच टिकत नव्हतं. वर्गात बसले की घरी काय चाललं असेल असं वाटायचं आणि घरी आले की पुन्हा बाहेर पडावंसं वाटायचं. आज या वयात माझी मुलगी म्हणते की आई, तू एका जागी दहा मिनिटं बसून दाखव. तिला मी काही सांगत नाही, पण ही सवय मला त्या हंगामात लागली.

इस्माईलला दवाखान्यातून घरी आणल्यावर आई मला घेऊन त्याला बघायला गेली. आबा आले नाहीत, त्यांचं पाऊलच उचललं नाही. चाचींनी आम्हांला बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. आईनं नेलेला डबा त्यांनी कोनाड्यात ठेवला. इस्माईल खाटेवर पाय पसरून पडला होता. त्याच्याशी काय बोलावं ते आईला सुचेना, म्हणून मीच विचारलं की तुला आमचा टेम्पो दिसला होता का. आई माझ्याकडं रागानं बघायला लागली.

"दिसला की," इस्माईल म्हणाला. "लांबनं दिसला. जागेवर हुबा हुता. मला वाटलं, आबा थांबलेत माझ्यासाठी. म्हणून मी आपला आलो सरळ."

चाची भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, की हे असलं बोलतोय म्हणून तर लोक याला खुळ्यात काढायला लागलेत.

घरी येऊन आईनं हे आबांना सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. पण सांगितलं. आबा उभेच राहिले. मी थांबलो नव्हतो, ते म्हणाले. एकदा नाही, कितीतरी वेळा म्हणाले. तो खोटं बोलतोय असं त्यांनी म्हटलं नाही. त्यांना वाटलं, आपण खरंच थांबलो असू आणि ते आपल्या ध्यानात नाही. त्या दिवसापासून त्यांनी टेम्पोत जाऊन बसणंही सोडलं.

आम्हांला फिजिक्स शिकवायला माने सर होते. आवाज बारीक, अक्षर मोठं. सापेक्ष गतीचा धडा त्यांनी आधी नदी आणि नाव घेऊन शिकवला, मग पाऊस आणि छत्री. मी वहीत त्रिकोण काढत होते आणि मन घरी होतं. मग त्यांनी फळ्यावर दोन रस्ते काढले, एकमेकांना काटकोनात छेदणारे. एका रस्त्यावर एक गाडी, दुसऱ्यावर दुसरी. म्हणाले, तुम्ही पहिल्या गाडीत बसलाय असं धरा. गाडीत बसलेल्याला आपण हलतोय असं वाटत नाही, त्याला जग हलतंय असं वाटतं. तेव्हा तुमची गती उलटी करून दुसऱ्या गाडीला चिकटवा आणि बघा ती तुम्हांला कुठून येताना दिसते. त्यांनी बाण काढला. बाण तिरपा, थेट पहिल्या गाडीवर रोखलेला. दोघं एकाच वेळी चौकात पोचणार असतील, सर म्हणाले, तर दुसरी गाडी तुम्हांला डावीउजवीकडं सरकताना दिसणारच नाही. ती एकाच दिशेला राहील आणि नुसती मोठी होत जाईल. समुद्रावर खलाशी यालाच भितात. लांबचं जहाज ज्या दिशेला दिसतंय तिथून हललं नाही, तर ते आपल्यावर येतंय असं ते समजतात.

माझ्या हातातलं पेन थांबलं. जागेवर हुबा हुता, असं इस्माईल म्हणाला होता.

तास संपायची वाट मी कशी पाहिली ते मला सांगता येणार नाही. सरांना काही विचारायला थांबले नाही. सायकल काढली आणि सुटले. वाटेत उसाच्या ट्रॅक्टरांच्या मधून अशी घुसत गेले की एकानं मला मागून शिव्या दिल्या. डोक्यात एकच चित्र फिरत होतं. इस्माईलला टेम्पो उभा दिसला, म्हणजे आबांनाही इस्माईल एकाच जागी दिसायला हवा होता. पण आबांना तर तो दिसलाच नव्हता. मग ती जागा कुठली? घरी आल्यावर मी सायकल भिंतीला टेकवली आणि दारातल्या टेम्पोत चढून आबांच्या जागेवर बसले. डावीकडं तिरपं बघितलं. समोरची काच आणि दाराची काच यांच्या मधे जो खांब असतो, तो बरोबर तिथं होता. त्याला बाहेरून मोठा आरसा लावलेला, आतून आबांनी ताडपत्रीच्या दोरीचं वेटोळं अडकवलेलं. समोरच्या घरातल्या आक्का दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या, येताना मी त्यांना बघितलं होतं. मला तांदळाचं सूपही दिसत नव्हतं आणि आक्काही दिसत नव्हत्या. डोकं थोडं पुढं काढलं, आणि आक्का होत्या.

मी पळत आत गेले. आई परातीत जोंधळ्याचं पीठ घेऊन बसली होती, आबा भिंतीला टेकून उकिडवे. मी परात ओढून घेतली आणि पिठावर बोटानं दोन रेघा मारल्या, एक उभी, एक आडवी. उभ्या रेघेवर टेम्पो, आडवीवर मोटारसायकल. दोन्हींवर चौकाकडं जाणारे सारख्या अंतराचे ठिपके दिले. मग टेम्पोचा पहिला ठिपका मोटारसायकलच्या पहिल्या ठिपक्याला जोडला, दुसरा दुसऱ्याला, तिसरा तिसऱ्याला. सगळ्या रेघा तिरप्या, एकीला दुसरी समांतर. कुठलीच दुसरीपेक्षा कमी किंवा जास्त कललेली नाही. फक्त चौकाजवळ येईल तशी आखूड होत जाणारी.

"ह्या रेघा म्हणजे तुमची नजर," मी आबांना म्हणाले. "लांब असताना बी तो त्याच कोनात, जवळ आला तरी त्याच कोनात. आणि तुमच्या त्या कोनात टेम्पोचा खांब हाय. तो त्या खांबामागनंच आला, आबा. शेवटपर्यंत. तुम्ही झोपला न्हवता."

आई म्हणाली, पिठाचं वाटोळं केलंस. पण परात तिनं परत ओढली नाही. आबा वाकून त्या रेघांकडं बघत राहिले. सातवी शिकलेला माणूस, पण ट्रक टेम्पो रिव्हर्समध्ये सुईत दोरा घालावा तसे घालणारा. कोन त्यांना कळत होते. त्यांनी एक बोट टेम्पोच्या ठिपक्यावर ठेवलं, दुसऱ्या हाताचं इस्माईलच्या, आणि दोन्ही बोटं सारखी सरकवत चौकात आणली. पुन्हा नेली, पुन्हा आणली. मला वाटलं होतं त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरेल. तसं झालं नाही. "म्हंजे डोस्कं जरा पुढं काढलं असतं तर दिसला असता," ते म्हणाले.

माने सरांच्या फळ्यावर फक्त गती होत्या, चूक कुणाची हे तिथं कुठंच लिहिलेलं नव्हतं. आबा उठून परड्यात गेले, थोड्या वेळानं परत आले आणि म्हणाले की पिठात बरोबर येतंय, रस्त्यावर येतंय का बघायला पाहिजे. आणि बघताना इस्माईल सोबत पाहिजे. आईनं त्याच पिठाच्या भाकरी थापल्या. त्या दिवशी आबा पानावरून अर्ध्यात उठले नाहीत.

इस्माईलला विचारायला ते एकटेच गेले. तिथं काय बोलणं झालं ते मला नंतर इस्माईलकडूनच कळलं. आबांनी माफी वगैरे मागितली नाही. माझी पोरगी असं असं म्हणतीया, येतोस का बघायला, एवढंच विचारलं. इस्माईल तेव्हा कुबड्या घेऊन हिंडायला लागला होता. तोही झोपत नव्हता. डोळे मिटले की उभा टेम्पो समोर यायचा आणि तो उभा का आहे हे त्याला कळायचं नाही. बिघडलेली मोटार उघडून बघितल्याशिवाय त्याच्यातल्या मिस्त्रीला चैन पडत नसे, आणि ही एकच गोष्ट अशी होती जी त्याला उघडता येत नव्हती. तो येतो म्हणाला. चाचींनी नको म्हटलं. तो तरी आला.

आम्ही सकाळची उन्हं वर आल्यावर गेलो. रान तसंच मोकळं होतं, नुसती तुटलेल्या उसाला फुटणाऱ्या खोडव्याची हिरवी टोकं वर यायला लागलेली. ठरलं ते असं: आबा पहिल्या गियरमध्ये टेम्पो आणणार, नेहमी बसतात तसेच बसणार, डोकं मुद्दाम हलवणार नाहीत. इस्माईल त्यांच्या डावीकडच्या सीटवर, काही न बोलता. मी नदीच्या वाटेनं सायकलवर. चौकाच्या अलीकडं वाटेच्या कडेला बांधाचा एक पांढरा दगड होता. तिथं मी थांबायचं. वेग सारखा कसा ठेवायचा याची युक्ती मी काढली होती. हँडलच्या उजव्या मुठीच्या बरोबर वर टेम्पो दिसेल असं बघायचं आणि त्याला तिथून हलू द्यायचं नाही. तो पुढं सरकला तर पायडल जोरात मारायचं, मागं पडला तर सैल सोडायचं. तसं केलं की कोन आपोआप तोच राहतो.

टेम्पो निघाल्यावर आबांनी हॉर्न दिला आणि मीही निघाले. पहिल्यांदा टेम्पो मुठीच्या पुढं जायला लागला, मी जोर केला. मग तो बसला मुठीवर. आणि तो तिथं बसल्यावर काहीतरी विचित्र व्हायला लागलं. रान मागं जात होतं, बांध मागं जात होते, चाकाखाली ढेकळं फुटत होती, पण तो निळा टेम्पो होता तिथंच होता. चाकांमागून उडणारी धूळ दिसत होती. तो येतोय हे मला ठाऊक होतं. हे सगळं मीच तर शोधून काढलं होतं. तरी मला तो चित्रातल्यासारखा स्थिर वाटत होता. घाई कसलीच नव्हती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्या अंगातली वळवळ थांबली होती. मी त्याला मुठीवर धरून ठेवण्यात गुंगले होते. पांढरा दगड कधी आला आणि कधी गेला, ते मला कळलं नाही.

मग तो एकाएकी फुगला. एवढं एकच मला आठवतं, की उभा असलेला टेम्पो एका क्षणात भिंतीएवढा झाला. ब्रेक करकचले, मी हँडल वळवलं आणि सायकलसकट खोडव्यात पडले. कोपर सोलून निघालं. टेम्पो माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबला होता.

आत काय झालं ते असं. इस्माईलच्या बाजूला खांब आडवा येत नव्हता. बाजूच्या काचेतून त्याला मी पहिल्यापासून लख्ख दिसत होते. ठरल्याप्रमाणे तो गप्प होता. मी दगड ओलांडला तसं त्यानं आबांकडं बघितलं. आबा रस्त्याकडं बघत होते. डोळे उघडे, नजर भिरभिरती, समोर, उजवीकडं, डावीकडं, पुन्हा समोर. ते मला शोधत होते. डावीकडं बघताना त्यांची नजर माझ्यावरून गेली आणि कुठं अडली नाही. तेव्हा इस्माईलनं हात लांब करून हँडब्रेक ओढला आणि ओरडला, "आबा, थांबा."

आबा खाली उतरले, धावत माझ्याकडं आले. मला उठवलं, हात पाय दाबून बघितले. मग तिथंच रस्त्यात बसले. इस्माईल एका कुबडीवर उतरून टेम्पोला टेकून उभा होता. तो म्हणाला, "माझ्या बाजूनं सगळी दिसत हुती ती. तुमास्नी न्हाई दिसली?"

"न्हाई," आबा म्हणाले.

"हुडकत हुतासा. मी बघितलं."

आबांनी मान हलवली आणि रडायला लागले. मी त्यांना तसं आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. इस्माईलनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला वाकायला बघितलं, पण पायामुळं त्याला वाकता येईना. मग त्यानं कुबडीनं त्यांच्या पायाला हळूच ढोसलं. उठा, घरी जाऊया, म्हणाला.

केसचं म्हणाल तर ती पुढं रेंगाळत चालली. आमच्या वकिलांना मी ते दोन रस्ते आणि तिरप्या रेघा काढून दाखवल्या. ते म्हणाले, पोरी, हुशार आहेस, पण कोर्ट विचारणार गाडी कोण चालवत होतं, आणि त्याचं उत्तर एकच आहे. ते बरोबरच होतं. आबांवर ठपका आला आणि आबांनी तो घेतला. ताडपत्रीची दोरी त्यांनी त्याच दिवशी काढून टाकली. पुढं जेवढी वर्षं टेम्पो चालवला तेवढी वर्षं प्रत्येक चौकात ते अंगात येऊन घुमल्यासारखे पुढं मागं डोलायचे. लोक हसायचे, नवीन हमाल तर घाबरायचे. इस्माईलनं घरातच मोटारी भरायचं, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचं, दुकान टाकलं. विहिरीतून मोटार काढून त्याच्यापर्यंत आणायचं काम पुष्कळदा आबांचा टेम्पो करायचा. ते दोघं जिवलग वगैरे झाले असं मी म्हणणार नाही. कधी कधी इस्माईल दिवसच्या दिवस आबांशी बोलायचा नाही, पाय दुखायला लागला की विशेष. आबा त्याच्या दारात मोटार उतरवायचे आणि गप निघून यायचे. मी फिजिक्स शिकले, शिकवलं, निवृत्त झाले. त्या चौकात आता चार मजली इमारती आहेत, रस्ता डांबरी आहे आणि कुणालाच लांबचं काही दिसत नाही. त्यामुळं सगळे थांबतात. हल्लीच्या गाड्यांचे खांब तर आमच्या टेम्पोच्या खांबापेक्षा जाड असतात. जावयाच्या शेजारी बसले की मी चौकात मान पुढं काढते. तो म्हणतो, आई, मी बघतोय की. मी म्हणते, मला ठाऊक आहे तू बघतोयस.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं. आम्ही तिघंही इस्माईलच्या दारी आलो. चाची टेम्पोचा आवाज ऐकून बाहेर आल्या आणि मुलगा त्यातून उतरताना बघून दारातच थिजल्या. माझ्या कोपरातून रक्त येत होतं. त्यांनी मला हाताला धरून आत नेलं, पाण्यानं जखम धुतली, हळद दाबली. काय झालं म्हणून विचारल्यावर इस्माईलनं जसं झालं तसं सांगितलं. त्यांचा हात माझ्या कोपरावर थांबला.

"तुला टेम्पो दिसत हुता?" त्यांनी मला विचारलं.

"व्हय."

"मग थांबलीस का न्हाईस?"

त्यांनी हे ज्या आवाजात विचारलं त्यावरून मला कळलं, की हा प्रश्न काही आजचा नाही. खाटेवर पडलेल्या मुलाला त्यांनी तो रोज विचारला असणार, आणि त्याचं उत्तर रोज ऐकून तोंड फिरवलं असणार. मला त्यांना कोन सांगता आला असता, त्रिकोण सांगता आला असता. मी तेवढं शिकले होते. पण मी खरं काय वाटलं तेच सांगितलं. आमच्याकडं मुलीही मुलांसारखंच बोलतात, तसंच बोलले.

"मला वाटलं, आबा थांबलेत माझ्यासाठी," मी म्हणाले. "म्हणून मी आलो सरळ."

हळदीचा हात पदराला पुसत चाची उठल्या, खाटेपाशी गेल्या आणि इस्माईलचं डोकं दोन्ही हातांत धरून पोटाशी दाबून उभ्या राहिल्या.